आधी ओटा बांधा, खोल्यांचं मग बघू

प्रति,
सरपंचताई, ग्रामपंचायतीचे सदस्य, वन समितीचे कारभारी आणि वरच्या पाड्यावरची सगळी मंडळी,

रामराम.

गेल्या सोमवारी पंचायतीच्या फलकावर पर्यटक निवासाचा नकाशा लागला. चष्मा पुसून तीनदा बघितला. १२ खोल्या, प्रत्येक खोलीला एसी, पाझर तलावाकडच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे लॉन, लॉनमध्ये कारंजं, सभोवार सहा फुटी भिंत आणि चार कोपऱ्यांना चार हायमास्ट. वर ठळक अक्षरात ‘निसर्गाच्या कुशीत’. काठावरचे मोह, अंजन, सालई यांतलं एकही झाड नकाशात नाही. त्या जागी ‘पार्किंग’ असं लिहिलंय.

मी रागावून लिहीत नाही. रागवायचा अधिकारही मला नाही, कारण असले नकाशे मी स्वतः काढलेत. ओव्हरसियर म्हणून लागलो, ३१ वर्षं बांधकामावर काढली. वसतिगृहं बांधली, चौक्या बांधल्या, विश्रामगृहं तर किती बांधली मोजलं नाही. पद्धत अशी होती की कपाटातला जुना नकाशा काढायचा, गावाचं नाव खोडायचं, नवं घालायचं. तापीकाठच्या काळ्या मातीतलं आणि सातपुड्याच्या घाटातलं विश्रामगृह एकच. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

एकच प्रसंग सांगतो. एका धरणाच्या काठावर मी असंच काचेचं दालन बांधलं होतं. उद्घाटनाला हार-तुरे झाले, साहेबांनी काचेतून पाणी दिसतं म्हणून पाठ थोपटली. पुढच्या जूनमध्ये गळतीची तक्रार आली म्हणून गेलो, तर तिथल्या चौकीदाराने बुटाचं एक खोकं माझ्यापुढे उघडलं. आत कापसावर पाच-सहा पाखरं ओळीने ठेवली होती. त्यांत एक हळद्या, दोन बुलबुल आणि एक नवरंग. हा नवरंग थंडीत पार दक्षिणेकडे असतो, पावसाच्या तोंडावर अंडी घालायला आपल्या डोंगरांत येतो. एवढा प्रवास करून आला आणि माझ्या काचेवर आपटून मेला. काचेत त्याला समोरचं झाडच दिसत असणार, आभाळच दिसत असणार. चौकीदार म्हणाला, “साहेब, रोज सकाळी झाडताना एखादं सापडतंच. टाकवत नाही, म्हणून ठेवलं.” गळतीची दुरुस्ती मी लिहून घेतली. काचेचं काही लिहिलं नाही. लिहायला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

तेव्हापासून कुणी ‘निसर्गाचं दर्शन घडवणारी काच’ म्हटलं की मला ते खोकं दिसतं. काचेतून दिसतं ते चित्र. वारा लागत नाही, वास येत नाही, पाचोळ्यात काय सळसळलं ते ऐकू येत नाही. आणि पश्चिमेच्या काचेतून खानदेशचा मे महिना आत येतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ ओलांडतो तेव्हा काचेच्या खोलीत एसी किती रडेल याचा हिशेब कुणी केलाय का? त्याची बाहेरची पेटी जी गरम हवा फेकेल ती पाहुण्याच्याच ओसरीवर येणार. म्हणजे निसर्ग बघायला आलेल्या माणसाला आपण दार लावून आत बसवणार.

गोऱ्या साहेबाबद्दल मला फार प्रेम नाही, पण जंगलातले जुने डाकबंगले बघा. जोतं उंच, छप्पर उतरतं, चारी बाजूंनी दहा-दहा फूट खोल व्हरांडा, खोल्या मात्र लहान आणि अंधाऱ्या. दिवसभर साहेब आरामखुर्चीत व्हरांड्यातच. खोली फक्त झोपायला आणि ट्रंक ठेवायला. ही अक्कल त्याने काही विलायतेहून आणली नव्हती. आपल्या गावातल्या घरांकडे बघूनच तो शिकला असावा, असं माझं मत आहे.

आपलं धाब्याचं घर आठवा. मी अशाच घरात जन्मलो. दीड फुटी मातीच्या भिंती, वर सागाचे सर (आडव्या तुळया), त्यांवर फळ्या, फळ्यांवर काड्या-पाला आणि वर वीतभर माती दाबून बसवलेली. दुपारची धग एवढ्या भिंतीतून आत पोचायला दहा-बारा तास लागतात. ती पोचते तेव्हा रात्र झालेली असते, दारं-खिडक्या उघड्या असतात आणि माणसं बाजा टाकून अंगणात झोपलेली असतात. दिवसा मात्र आत आलं की डोळ्यांना अंधारी येते आणि अंगाला गारवा लागतो. वर साणं, म्हणजे छताला ठेवलेलं भोक, असायचं. गरम हवा तिथून निघून जायची, आणि उजेडाचा एक कवडसा दिवसभर भिंतीवरून सरकायचा. माय त्यावरून वेळ सांगायची.

आता पाच इंची स्लॅब बघा. दिवसभर तापतो आणि रात्री नेमका झोपायच्या वेळी ती धग खाली सोडतो. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. खांब रोवला तर सावली त्याच्या बुडाशीच राहते. जुलैच्या मध्याला तो पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढगांमुळे कळत नाही. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. नकाशा काढणाऱ्याने हे एवढं जरी लक्षात घेतलं असतं तरी इमारत पूर्व-पश्चिम लांब झाली असती, पश्चिमेला मोऱ्या आणि कोठी गेली असती, आणि तलाव पश्चिमेला आहे म्हणून तिकडे काच लावायची कल्पना पहिल्याच दिवशी पुसली गेली असती.

मी नुसता धाब्याचा हट्टही धरत नाही. सातपुड्याच्या पावसात धाबं गळतं, दरवर्षी माणूस वर चढवून डागडुजी करावी लागते, आणि ती करणारे हात आता गावात मोजकेच उरलेत. मला सुचतं ते असं. खाली धाब्यासारखा मातीचा माळा, वर कौलं, दोन्हींच्या मध्ये हात-दीड हात मोकळी हवा आणि दोन्ही टोकांना जाळी. ऊन कौलं झेलतील, मधली हवा ते वाहून नेईल, माळा गार राहील, आणि पाऊसही कौलांवरून सरळ पन्हाळीत उतरेल. इंजिनीयर साहेब ‘स्लॅबच पाहिजे’ म्हणाले, तर स्लॅबवर मडकी पालथी मांडून त्यांवर चुन्याचा कोबा करायला सांगा. मडक्यातली कोंडलेली हवा धग अडवते, आणि गावातल्या कुंभाराला दोन महिन्यांचं काम मिळेल.

लाकूड नवं तोडू नका. गेल्या दोन वर्षांत आपल्याच गावात तीन धाबी पाडली. शंभर वर्षांचे सागाचे सर ट्रकमध्ये भरून गेले, आणि ज्यांनी विकले त्यांनी त्या पैशात पत्रे आणले. अजून एक-दोन घरं पडायच्या बेतात आहेत, त्यांचे सर पंचायतीने विकत घ्यावेत. मातीसाठी मात्र जुन्या पांढरीला, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीला, हात लावू नका. गावाचा सगळा भूतकाळ तिच्यात पुरलेला आहे. तलावातला गाळ काढायचाच आहे, त्यात भुसा आणि शेण मिसळून कुजवला की गिलाव्याला चांगला.

आता पाण्याचं. हे जरा नीट वाचा. हॉटेलात दर खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरावं, असं आम्हा इंजिनीयर लोकांचं मानक आहे. १२ खोल्यांच्या २४ खाटा, म्हणजे रोज ४,३२० लिटर. लॉन आणि कारंजं वेगळं. जलजीवन मिशनने आपल्याला माणशी ५५ लिटर ठरवून दिलेत. म्हणजे २४ पाहुणे मिळून गावातल्या ७८ माणसांचं पाणी वापरणार, तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन झिऱ्यावर जातात. पाहुणा शॉवरखाली उभा आणि भिंतीपलीकडून हंडेवाल्या चालल्यात, हे बघून त्याला तरी निसर्गाशी जवळीक वाटेल का?

म्हणून मी चार खोल्या म्हणतो. आठ खाटा. आंघोळ बादलीने. माणशी ९० लिटर धरले तरी रोजचे ७२० लिटर होतात. कौलांचं छप्पर, ओटा धरून, १५० चौरस मीटर होईल. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २० टक्के वाया गेला समजा, तरी ८४ हजार लिटर पाणी छपरावरून उतरतं. तेवढी टाकी महाग पडेल, निम्मी बांधा. ओट्याखालीच बांधा, जागाही वेगळी लागणार नाही आणि ओटा गारही राहील. भरलेल्या टाकीवर सुट्टीच्या गर्दीचे ५८ दिवस निघतात. लॉनला तर माझा साफ नकार आहे. उन्हाळ्यात आपली जमीन पिवळी असते, तिला पिवळीच राहू द्या.

सांडपाण्याचं याहून गंभीर आहे. पायथ्याचा आपला हा दगडगोट्यांचा पट्टा, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात, पाणी पिण्यात पटाईत आहे. डोंगरावरून आलेलं पाणी इथेच मुरतं आणि खाली यावल-रावेरच्या विहिरींना, केळीला जातं. नकाशात सेप्टिक टँकचा शोषखड्डा तलावापासून ४० फुटांवर दाखवलाय. तिथे जे मुरेल ते कुणाच्या तरी विहिरीत निघेल. टाकी पक्की, न गळणारी करा, आणि तिचं पाणी खडी भरलेल्या वाफ्यातून न्या. वाफ्यात कर्दळ लावा, कर्दळीला घाण पाणी मानवतं. जे शेवटी निथळेल ते झाडांना द्या. आणि सगळंच बांधकाम काठापासून निदान २०० मीटर मागे घ्या. रात्री त्या काठावर पाणी प्यायला कोण कोण येतं, ते सकाळी चिखलातल्या पावलांवरून पाड्यावरची पोरं तुम्हाला सांगतील. सहा फुटी भिंत घातली की हे सगळं यायचं थांबेल, मग पाहुण्याला कारंजंच दाखवावं लागेल.

हायमास्टबद्दल. मोहाची फुलं रात्री उमलतात. वटवाघळं त्यांच्या रसाला येतात आणि त्यांच्यामुळे मोहाला टोळंबीचं फळ धरतं. पहाटे फुलं टपटप गळतात, आणि पाड्यावरच्या मायबहिणी टोपल्या घेऊन निघतात. चार हायमास्टच्या लख्ख उजेडात वटवाघूळ येईल की नाही, हे मला शिकवायची गरज नाही, तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. वाटेवर गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली तोंड केलेले पिवळे दिवे पुरतात. दहानंतर तेही बंद. अंधाराची भीती वाटली तर पाहुण्याच्या हातात बॅटरी द्या. शहरातल्या कित्येक पोरांनी आकाशगंगा बघितलेलीच नसते. ती दाखवायला पंचायतीला एक पैसाही लागत नाही, फक्त बटण बंद करावं लागतं.

आणि साइट ‘साफ’ करण्याआधी एक गोष्ट ऐका. कंत्राटदार सगळ्यात आधी वाळलेली, पोखरलेली झाडं पाडतो. निरुपयोगी म्हणून. आपल्या डोंगरात एक लहानसं घुबड आहे, रानपिंगळा. वीतभर देह, आणि घुबड असून दिवसा हिंडतं, सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतं. १८८४ नंतर ते कुणी खात्रीने पाहिलं नव्हतं. मधल्या काळात एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याला सापडलं म्हणून नमुना दाखवला होता, तो पुढे चोरीचा निघाला. हा पक्षी संपला, असंच जग धरून चाललं होतं. मग २५ नोव्हेंबर १९९७ ला, ११३ वर्षांनी, तीन अमेरिकी अभ्यासकांना तो दिसला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ. पुढे तोरणमाळकडे आणि आपल्या यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. तो घर करतो ते जुन्या झाडांच्या ढोलीत. म्हणजे कंत्राटदाराच्या यादीत ज्या झाडापुढे फुली आहे, नेमक्या त्याच झाडात. त्या जागेवरचं एकेक झाड मोजा, ढोलीवाल्यांना पांढरा पट्टा मारा, आणि इमारत झाडांच्या मधून काढा. रेघ वाकडी झाली तर होऊ दे. मी आयुष्यभर सरळ रेघा मारल्या, काय कमावलं?

आता माझा नकाशा सांगतो. मी तो खोल्यांपासून सुरू करत नाही, ओट्यापासून करतो.

ओटा, म्हणजे आपला वट्टा, आपल्याकडे घराचा भागही असतो आणि गावाचाही. येणारा-जाणारा त्यावर टेकतो, घरातून पाण्याचा तांब्या येतो, “बठ ना भो” म्हणून जागा सरकवली जाते. तिथे बसलेल्या माणसाला कुणी ‘काय काम आहे’ असं लगेच विचारत नाही. पाहुणा आणि डोंगर यांची गाठ घालायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. काठापासून दूरच्या त्या मोठ्या मोहापासून थोडं अंतर राखून (मुळं तुडवायची नाहीत) उत्तरेकडे तोंड करून, ४० फूट लांब आणि १२ फूट खोल असा दगडी ओटा बांधा. उंची अडीच फूट, पाय सोडून बसता येईल अशी. वर छप्पर इतकं खाली उतरवा की बसलेल्या माणसाला आभाळाची पट्टी, डोंगराची रांग आणि समोरची पायवाट दिसावी. उभ्या माणसाला मात्र वाकावंच लागेल. ती पायवाट बंद करू नका. पाड्यावरची माणसं बाजाराला त्याच वाटेने जातात, पोरं शाळेला, शेरडं पाण्याला. त्यांचा ‘रामराम’ पाहुण्याला ऐकू आला पाहिजे.

खोल्या त्या ओट्याच्या पाठीला. दहा बाय बारा, त्याहून मोठी नको. एक बाज, एक कोनाडा, दोन समोरासमोर खिडक्या आणि त्यांना काच नको, लाकडी दारं आणि डासांची जाळी. टीव्ही नाही. खोली इतकी साधी असावी की जागेपणी तिच्यात करमूच नये. उन्हाळ्यात ज्याला पाहिजे त्याला ओट्यावर किंवा अंगणात बाज टाकून द्या, मच्छरदाणी द्या. वरच्या अंगाचं काम पाड्यावरच्या पावरा आदिवासी कारागिरांना द्या. त्यांच्या बांबूच्या कुडाच्या भिंतींतून वारा कसा खेळतो ते मी अनेकदा बसून अनुभवलंय, आणि तसं मला एकाही अंदाजपत्रकात कधी लिहिता आलं नाही. जिथे गारवा पाहिजे तिथे माती, जिथे वारा पाहिजे तिथे कूड.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुम्हाला शिकवण्यासारखं काही नाही. वेगळं रेस्टॉरंट नको. बचत गटातल्या घरांनी पाळीपाळीने जेवण द्यावं, आणि पाहुण्याने त्या घरी जाऊन जेवावं. हिवाळ्यात काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, एवढं पुरे. पनीर मागितलं तर सरळ नाही म्हणा. डीजे मागितला तर तोच ओटा उतरून, तीच पायवाट धरून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला लागता येतं, हेही सांगा.

काही जण म्हणतील, चार खोल्यांनी गावाचं काय भलं होणार, १२ असत्या तर तिप्पट पैसे आले असते. खरं आहे. पण १२ एसी खोल्यांचं वीजबिल, पंप, लॉनचा माळी आणि दर दोन वर्षांनी फुटणाऱ्या टाइल्सही गावानेच भरायच्या आहेत. मी बांधलेल्या विश्रामगृहांपैकी निम्मी आज कुलूपबंद आहेत. एकाच्या एसीच्या पेट्यांत कबुतरं राहतात. बांधायला पैसा वरून आला होता, चालवायला कधीच आला नाही. चार खोल्यांचं घर गाव स्वतःच्या हातांनी सारवू शकतं.

आपलं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्यात, आहे. ग्रामसभेला डावलून फलकावरचा नकाशा पुढे रेटता येणार नाही, आणि ग्रामसभेत पाड्यावरच्या बायका आल्या पाहिजेत, कारण मोह त्यांचा आहे, झिराही त्यांचाच. सरपंचताई, सभा दुपारी बाराला ठेवू नका. तेव्हा त्या रानात असतात. संध्याकाळी ठेवा, आणि पंचायतीच्या हॉलमध्ये नको, तिथेच मोहाखाली ठेवा. मी फक्कीची (आखणीच्या पांढऱ्या भुकटीची) पिशवी आणि दोरी घेऊन येतो. आधी झाडांना पट्टे मारू, मग ४० बाय १२ चा ओटा जमिनीवर आखू, आणि सगळेजण त्या आखलेल्या जागेत अंधार पडेपर्यंत बसू. काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघू. डासांचा त्रास झाला तर ओटा दहा पावलं मागे सरकवू, रेघ फक्कीचीच आहे. खोल्या कुठे काढायच्या ते त्यानंतर ठरवू.

आपला,
गावातलाच एक निवृत्त ओव्हरसियर